पथ्य आणि नैवेद्य
पथ्य ही आज्ञा की ज्ञान, हा प्रश्न गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात केवळ तात्त्विक राहत नाही. कारण गोंड आणि माडिया समाजात मोहाची दारू देवाला व पूर्वजांना वाहिली जाते, आणि ती नाकारणे म्हणजे नातेच नाकारणे ठरू शकते. दुसरीकडे, क्षयरोगावरील आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन ही औषधे यकृतावर, म्हणजे रक्तातील विषारी द्रव्ये निकामी करणाऱ्या अवयवावर, ताण आणतात. सामान्यतः ६ महिने चालणाऱ्या या उपचारात मद्याची भर पडली की यकृतदाहाचा धोका वाढतो. उलट हिवतापावरील आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन हे स्निग्ध अन्नासोबत अधिक चांगले शोषले जाते, तेव्हा उपास हेही सर्वत्र पथ्य नव्हे.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. परंतु जिथे पिणे हा गुन्हा असतो तिथे रुग्ण ते डॉक्टरांपासूनही लपवू लागतो, ही बंदीची फारशी न बोलली जाणारी बाजू. धर्माचा अडसर त्या मानाने लहान आहे: पिण्यापूर्वी भूमीवर थेंब वाहण्याची रीत आहेच, आणि देवाचा वाटा तेवढ्याने पोहोचत असेल, तर उरलेली दारू न पिण्यात अधर्म नाही. हा निर्णय मात्र रुग्णाने आणि गावच्या पुजाऱ्याने घ्यावयाचा आहे. डॉक्टरांचे कर्तव्य कारण समजावून सांगण्याचे.