सातबाऱ्यावर नाव नसलेले

बारामती-इंदापूरच्या माळावरून रस्ता आखणे सर्वांत सोपे. आखणी उसाच्या फडातून गेली की मोजणी, मोबदला, मोर्चा, कोर्टकचेरी. माळावर यातले काहीच नाही. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात भूसंपादनाच्या अधिसूचनेनंतर हरकतीला २१ दिवस मिळतात, पण ते जमिनीत हितसंबंध असलेल्याला. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस यांचे नाव कोणत्या सातबाऱ्यावर आहे?

भर उन्हाळ्यात कडबनवाडीचा किंवा शिर्सुफळचा माळ पाहिला तर यात राखायचे काय, असे वाटते. वाळलेले कुसळ, बोराटी, मधूनच खुरटा हिवर. पण हा उघडेपणाच त्या जनावरांना लागतो. चिंकारा नजरेच्या आणि पायांच्या जोरावर जगतो, दाट झाडीत त्याचे भागत नाही. त्याच्यासाठी सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. लांडग्यांचा कळप एका रात्रीत ते ओलांडून कुठच्या कुठे जातो. म्हणजे ही जनावरे खरी राहतात अभयारण्याबाहेर: गायरानात, वनखात्याच्या तुकड्यांत, धनगरांच्या वाटांवर.

रात्री गाडीचा झोत डोळ्यांवर आला की हरीण जागीच थिजते. ते मेले की वासावर तरस येतो, डांबरावरच खायला लागतो आणि पुढच्या गाडीखाली जातो. हिवाळ्यात व्यालेली लांडगीण अशी मेली तर गुहेतली पिल्ले उपाशी मरतात. त्यांची नोंद कोणत्याच अपघातात होत नाही.

मग दुधाचा टँकर, उसाची ट्रॉली, अडलेली बाळंतीण यांना रस्ता नको? हवाच. पण आहे तो रस्ता वर्षानुवर्षे खड्ड्यांत ठेवायचा आणि दहा मिनिटे वाचवायला नवा माळ फाडायचा, याला विकास म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि जिथे खरोखर दुसरा मार्ग नाही, तिथे उपाय आहेत. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात कोर्टकज्जे झाल्यावर गाड्या वरून, जनावरे खालून अशी सोय झाली. महाराष्ट्राच्या हद्दीत असे ९ मार्ग आहेत आणि त्यांतून जाणारे वाघ कॅमेऱ्यांनी टिपलेत. वाघासाठी जमते ते लांडग्यासाठी का नाही? दोघेही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२च्या गणनेनुसार देशात वाघ सुमारे ३,६८२, तर लांडगे अभ्यासकांच्या अंदाजाने तीन हजारांच्या आसपास. एकीकडे याच माळांवर वनखाते तिकीट लावून सफारी चालवते. पाहुण्यांना दाखवायला लांडगा हवा, आखणीच्या वेळी मात्र तो कुणाच्या लक्षात नसतो!

जनावराला हरकत घेता येत नाही, ती आपण घ्यायची. ग्रामसभेत नव्या रस्त्याचा विषय आला की नकाशा मागा. गायरान आणि वनाचे गट त्यावर दाखवायला लावा, वळसा सुचवा. हरकत लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.