खाली कोण आहे?

आमच्या ओढ्याला एक दंडक होता. वरच्या अंगाला घागरी भरायच्या, त्याखाली गुरं, शेवटी धुणं. कुणी लिहून ठेवला नव्हता. पण मोडला तर म्हातारी माणसं गप बसत नसत.

आमच्या बीड जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. परळीच्या वीजकेंद्राला कोळसा रेल्वेनं येतो. खाणी तिकडं चंद्रपूर भागात. तिथं इरई नदीच्या काठाला खाणीतून उपसलेल्या मातीचे ढिगारे उभे आहेत. पावसात ती माती नदीत उतरते. ढिगाभोवती चर खणावा, गढूळ पाणी तळ्यात निवळू द्यावं, मगच सोडावं, ढिगावर झाडं लावावीत. उपाय ठाऊक आहेत.

पण दोष देताना माझी जीभ अडखळते. तसल्याच कोळशाच्या विजेवर माझ्या विहिरीची मोटार चालते. अन् एकदा फवारणीचा पंप मीच ओढ्यात धुतला होता. खालून शेजारी आला. भांडला नाही. "दादा, खाली आमची जनावरं पाणी पितेत," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून पंप रानातच धुतो. खाण मोठी, पंप लहान. पण पाणी सोडताना दोघांनीही खाली बघायला पाहिजे.