न्यायासनावरील श्रद्धावंत

कायद्याने माणूस सज्जन होतो काय? हा प्रश्न जितका न्यायाधीशांचा, तितकाच आईवडिलांचा आणि धर्मगुरूंचाही आहे. चोरी केल्यास शिक्षा होईल, एवढे कायदा सांगू शकतो. परंतु कोणी पाहत नसतानाही परक्याच्या वस्तूला हात लावू नये, ही बुद्धी त्याला देता येत नाही. मग ती येते कोठून? आणि ती आटली तर राज्याचे काय होईल? एका कॅथलिक विधिज्ञाने आपले आयुष्य याच चिंतनात वेचले.

एर्न्स्ट-वोल्फगांग ब्योकेनफ्योर्डे यांचा जन्म १९३० साली जर्मनीतील कासेल येथे झाला. कायदा आणि इतिहास या दोन्ही विषयांत त्यांनी डॉक्टरेट मिळविली. हायडेलबर्ग, बिलेफेल्ड आणि फ्रायबर्ग येथील विद्यापीठांत त्यांनी राज्यघटनेचे अध्यापन केले. १९८३ ते १९९६ या काळात ते जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाचे न्यायाधीश होते. २०१९ साली त्यांचे निधन झाले. ते निष्ठावंत कॅथलिक होते आणि त्याच वेळी सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे सभासदही होते. त्या काळच्या अनेक जर्मन कॅथलिकांना हा मेळ चमत्कारिक वाटे.

१९६१ साली, अवघ्या तिशीत असताना, त्यांनी ‘होखलांड’ या कॅथलिक नियतकालिकात एक लेख लिहिला आणि मोठे वादळ उठले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, तेव्हा जर्मन कॅथलिक कसे वागले, हा त्या लेखाचा विषय होता. त्या वर्षी २३ मार्च रोजी हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याच्या बाजूने कॅथलिकांच्या केंद्र पक्षाने मतदान केले. पाचच दिवसांनी बिशपांनी नाझी चळवळीविरुद्धचे आपले पूर्वीचे सर्वसाधारण मनाईहुकूम मागे घेतले. जुलै महिन्यात व्हॅटिकनशी करार झाला. ख्रिस्तसभेच्या शाळा आणि संस्था सुरक्षित राहाव्यात, ही त्यामागची एक मोठी चिंता होती. ब्योकेनफ्योर्डे यांचे म्हणणे असे, की आपल्या संस्थांचे हक्क जपण्याच्या नादात सर्वांचे हक्क जपणाऱ्या राज्यघटनेकडे कॅथलिक पुढाऱ्यांनी पाठ फिरवली. अंगण वाचविण्यासाठी त्यांनी गाव सोडून दिले. आणि गाव गेल्यावर अंगणही वाचले नाही. हे बोल एका श्रद्धावंत कॅथलिकाचे होते, म्हणूनच ते अधिक झोंबले.

पुढे १९६४ साली दिलेल्या आणि १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात त्यांनी आपला सर्वांत प्रसिद्ध विचार मांडला. स्वातंत्र्य देणारे धर्मनिरपेक्ष राज्य ज्या नैतिक आधारांवर उभे असते, त्यांची हमी ते स्वतः देऊ शकत नाही, असा त्याचा आशय आहे. नागरिकांच्या अंतःकरणात सचोटी नसेल, तर स्वातंत्र्य टिकत नाही. पण सचोटी सक्तीने लादायला गेल्यास ते स्वातंत्र्यच संपते. राज्याला ही जोखीम पत्करावीच लागते.

या विचाराचा अर्थ काहींनी असा लावला, की राज्याला ख्रिस्तसभेचा टेकू हवाच. ब्योकेनफ्योर्डे यांना तसे म्हणायचे नव्हते. उलट, कॅथलिकांनी धर्मनिरपेक्ष राज्य आपले मानावे, त्याकडे शत्रू म्हणून पाहू नये, असा त्यांचा आग्रह होता. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला, तेव्हा ख्रिस्तसभेनेही त्याच दिशेने पाऊल टाकले.

न्यायासनावर त्यांची खरी कसोटी १९९३ साली लागली. गर्भपाताच्या कायद्यावर न्यायालयाने २८ मे रोजी निर्णय दिला. गर्भातील जीवाचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याचा आधार घटनेतील मानवी प्रतिष्ठा आणि जीविताचा हक्क हा होता. कोणत्याही धर्माची शिकवण नव्हे. मात्र समुपदेशनानंतर पहिल्या बारा आठवड्यांत केलेल्या गर्भपाताला शिक्षा नसावी, ही व्यवस्था न्यायालयाने मान्य केली. अशा गर्भपाताचा खर्च सामाजिक विम्यातून देण्यास घटनेची आडकाठी आहे, असे बहुमताचे मत पडले. या एका मुद्द्यावर ब्योकेनफ्योर्डे यांनी वेगळे मत नोंदविले: हा निर्णय घटनेने संसदेवर सोपविला आहे. कॅथलिक न्यायाधीशाने असे लिहावे काय? या प्रश्नाकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे. परंतु न्यायाधीशाने घटनेशी प्रामाणिक राहण्याची शपथ घेतलेली असते. आपल्याला प्रिय असलेली गोष्ट घटनेत नसतानाही ती आहे असे सांगणे, हे सत्याशी द्रोह करणेच होय. सदसद्विवेकबुद्धी जागी असलेला माणूस शपथेत पळवाट शोधत नाही.

निवृत्तीनंतर मुस्लिम शिक्षिकेने शाळेत डोक्यावर रुमाल बांधावा की नाही, हा वाद जर्मनीत पेटला. तेव्हा ब्योकेनफ्योर्डे तिच्या धर्मस्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहिले. १९३३ चा धडा त्यांनी असा आचरणात आणला.

वाचकहो, यातून आपल्या कुटुंबांपुढे दोन कर्तव्ये येतात. राज्याला जी सचोटी निर्माण करता येत नाही, ती घरातील जेवणाच्या पंगतीत, संध्याकाळच्या प्रार्थनेत आणि व्यवहारातील खरेपणात मुलांना मिळते. हे काम कोणतेही न्यायालय आपल्यासाठी करणार नाही. दुसरे कर्तव्य अधिक कठीण आहे. आपल्या शाळेवर, आपल्या चर्चवर संकट आले की आपण एकत्र येतो. ते योग्यच आहे. परंतु शेजाऱ्याच्या प्रार्थनास्थळावर संकट येते, तेव्हा आपण कोठे असतो? स्वातंत्र्यावरील आपली श्रद्धा किती खरी आहे, हे या प्रश्नाच्या उत्तरावरूनच कळेल.