तळमजला कुणाला द्यायचा?

कोलकात्यात भवानीपूरला काकांचं दुमजली घर आहे. वर ते राहतात, तळमजला भाड्याने देतात. जागा बघायला आलेले प्राध्यापक मुसलमान आहेत हे नावावरून कळताच काकांनी जागा गेल्याचं सांगून टाकलं.

"काका, हा अन्याय आहे."

"कुठल्या कायद्याने? घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट आहेत. घर नाही."

"महाडला 1927 साली दलित माणसं सार्वजनिक तळ्यावर पाण्यासाठी गेली, म्हणून तर पाणवठा कलमात आला. निवारा का नको?"

"पाणवठा गावाचा, घर माझं. आणि भाडेकरू एकदा आत आला की त्याला काढायला कोर्टात वर्षं जातात. काढणं हातात नाही, निवडणं तरी राहू दे."

"निवडा ना! पगार बघा, आधीच्या मालकाकडे चौकशी करा. तुम्ही नावापाशीच थांबलात. सगळेच असे थांबले, तर त्यांना पार्क सर्कस नाहीतर राजाबाजार, एवढंच कोलकाता उरतं."

"मिश्र वस्त्या 1946 च्या दंगलीत फुटल्या, 1964 ला पुन्हा. त्याचं प्रायश्चित्त माझ्या एकट्याच्या तळमजल्याने का घ्यावं?"

यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं, आजही नाही. एकेक मालक आपल्यापुरतं 'नाही' म्हणतो, आणि दुभंगलेल्या शहराचा जाब कुणालाच विचारता येत नाही.

"2023 साली मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली, तेव्हा तुम्ही किती संतापला होतात!"

"तिथे सोसायटीवाले आडवे आले. मी सोसायटी नाही, जिना वापरणारा शेजारी आहे."

"अमेरिकेच्या घरांबाबतच्या 1968 च्या भेदभावविरोधी कायद्यातही अशी सवलत आहे. मालक स्वतः तिथे राहत असेल आणि बिऱ्हाडं चारपर्यंतच असतील, तर बरीच मोकळीक. फक्त भेदभावाची जाहिरात करायची नाही."

"म्हणजे मनात ठेवा, बोलू नका. हा कायदा माणसाला खोटं बोलायला शिकवतो."

"तुम्ही तर कायदा नसतानाच खोटं बोललात."

"तोंडावर सांगितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं?"

"नसतं वाटलं. पण काका, तुमच्याआधी दलाल आहेत. नाव ऐकूनच ते माणसाला दुसऱ्या वस्तीत पाठवतात. दलाली हा धंदा आहे, आणि कलमातल्या 'दुकाना'त सेवा देणारेही येतात असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली म्हटलंय. कायद्याने तिथून सुरुवात करावी."

"कर. मग मी सुटलो?"

"कायद्यातून सुटाल. प्राध्यापकांचा नंबर आहे का?"

"आहे. पण आधी काकूशी बोल. तिला विचारल्याशिवाय मी फोन करणार नाही."