विधवेचे तेल आणि आपले देणे



आपले पूर्वज कोकणात घाण्यावर तेल गाळीत आणि शब्बाथ पाळीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील चौथ्या अध्यायात तेलाचीच एक कथा आहे. एका नबीच्या शिष्याची विधवा एलीशा नबीकडे आक्रोश करीत आली. नवरा देवभीरू होता, पण कर्ज ठेवून वारला. आता सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून नेणार होता. परंपरा सांगते की, हा नवरा म्हणजे ओबद्या. अहाब राजाच्या काळात शंभर नबींना गुहांत लपवून त्यांना पोसण्यासाठी त्याने कर्ज काढले होते. तेव्हा कर्जदार दिसला की त्याला उधळ्या समजू नये.

एलीशाने तिला विचारले, की घरात काय आहे? फक्त तेलाची एक कुपी होती. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणण्यास व दार लावून तेल ओतण्यास त्याने सांगितले. सारी भांडी भरली. मग ते तेल विकून आधी देणे फेडावे आणि उरेल त्यावर मायलेकरांनी जगावे, अशी त्याची आज्ञा झाली. चमत्कार परमेश्वराने केला. पण भांडी गोळा करणे, तेल विकणे आणि सावकाराचे पैसे चुकते करणे, हे तिलाच करावे लागले.

येथे बॉथेलमध्ये सावकार उंबऱ्यावर येऊन बसत नाही. क्रेडिट कार्डाचे व्याज मात्र शब्बाथच्या दिवशीही वाढते. म्हणून आपणही घरात काय आहे ते आधी पाहावे. गॅरेजमध्ये धूळ खाणारे फर्निचर, क्वचित लागणारी दुसरी गाडी, भाड्याच्या गोदामात कोंडलेले सामान यांपासून सुरुवात करावी. शेजारी शनिवारी गॅरेज सेल लावतात. आपला रविवारी लावावा. आजीच्या पाटल्या विकण्याची वेळ आली तरी त्यात कमीपणा नाही. मुलांच्या मानेवर देणे ठेवून पाटल्या सांभाळण्यात आजीचा मान राहत नाही. मात्र जिचे सोने आहे तिच्या राजीखुशीवाचून ते विकू नये.

विकण्यालाही मर्यादा आहे. जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण ते माणसाचे जगणेच गहाण घेणे होय, असे तोरा बजावते. मंदिराच्या देण्यासाठी जप्ती आली तरी तीस दिवसांचे अन्न, बारा महिन्यांचे कपडे, अंथरूण, वहाणा व तेफिलीन सोडावे आणि कारागिराला प्रत्येक जातीची दोन हत्यारे ठेवावी, असे मिश्ना सांगते. पुढे आपल्या धर्मशास्त्राने हाच नियम साध्या कर्जालाही लावला. वॉशिंग्टन राज्याचा कायदाही कपडे, घरसामान व धंद्याची हत्यारे काही मर्यादेपर्यंत जप्तीतून वगळतो. तेव्हा घाबरून पोटाचे साधन विकू नका.

शेवटी शेजाऱ्यांविषयी. त्यांनी भांडी दिली, पण ती कशाला हवीत याची चौकशी केल्याचे कथेत कोठे नाही. दार लावण्याची आज्ञा झाली, त्यात त्या बाईची अब्रूही झाकली गेली. न्यूयॉर्कच्या यहुद्यांनी 1892 मध्ये बिनव्याजी कर्ज देणारी संस्था काढली, तीही याच भावनेने. आपल्यातील कोणी सामान विकू लागला तर कुजबुज करू नये. गिऱ्हाईक आणून द्यावे, गाडीत सामान चढवू लागावे, आणि पडेल भावाने घेण्याचा मोह टाळावा.

परमेश्वर तुम्हांस देण्यातून मोकळे करो आणि उरलेल्यात बरकत देवो. आमेन.