सापडलेल्या जगांचा अधिकार

जेरी पुर्नेल या अमेरिकन लेखकाने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या ‘किंग डेव्हिड्स स्पेसशिप’ या कादंबरीतील साम्राज्य आततायी नाही, आणि म्हणूनच त्याची दखल घेणे भाग पडते. पहिले साम्राज्य फुटीरतेच्या युद्धांत कोसळले, ताऱ्याताऱ्यांवर विखुरलेल्या मानवी वस्त्यांचा परस्परसंबंध तुटला, आणि तसा संहार पुन्हा होऊ नये एवढ्याचसाठी दुसऱ्या साम्राज्याने यच्चयावत मनुष्यजातीला एका छत्राखाली आणण्याचा विडा उचलला. त्याचे आरमार एखाद्या हरवलेल्या जगापाशी येऊन ठेपले, की सामील व्हायचे की नाही हा प्रश्न उरतच नाही. कोणत्या दर्जाने, एवढेच ठरायचे असते. ज्या जगाला स्वबळावर अंतराळात जाता येते त्याला मानाची सनद आणि कारभारात वाटा मिळतो. ज्याला ते साधत नाही ती वसाहत ठरते, तेथे परके अंमलदार येऊन बसतात, आणि मूळचे रहिवासी आपल्याच मुलुखात उपरे होऊन राहतात.

‘प्रिन्स सॅम्युअलचे जग’ नावाच्या ग्रहावरील लोकांना हा नियम उमगतो तेव्हा त्यांच्यापाशी अंतराळयान नसते, आणि ते बांधण्याची विद्या त्यांना मिळू नये असा साम्राज्याचा कटाक्ष असतो. मग कर्नल मॅकिनी हा लढवय्या व्यापाराच्या मिषाने मकासार या त्याहूनही मागासलेल्या जगात जातो. कारण तेथल्या एका देवळात पहिल्या साम्राज्याचा ग्रंथसंग्रह पवित्र ठेवा म्हणून जपलेला असतो. त्या चोरट्या विद्येच्या बळावर ते जे यान बांधतात ते तळाशी स्फोटके उडवून त्यांच्या हादऱ्यांनी वर चढणारे, रांगड्या बनावटीचे असते. पण ते वर जाते, आणि दर्जाचा प्रश्न तेवढ्यावर निकालात निघतो.

येथे कूटप्रश्न विज्ञानाचा नाही, धर्मविचाराचा आहे. साम्राज्य या लोकांचे मनुष्यत्व नाकारत नाही. उलट, तुम्ही आमचेच रक्त आहात, म्हणूनच तुम्हाला बाहेर राहू देता येत नाही, असे ते म्हणते. तत्त्वतः ऐक्य मान्य करून व्यवहारात अधिकारभेद ठेवण्याची ही रीत आपल्या शास्त्रांना अपरिचित नाही. ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरणावरील शांकरभाष्य वाचताना याच युक्तिवादाची गाठ पडते: शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही, कारण त्याने वेदाध्ययन केलेले नाही, आणि अध्ययन नाही, कारण त्यासाठी लागणारे उपनयन त्याला विहित नाही. सर्वत्र एकच ब्रह्म पाहणाऱ्या आचार्यांच्या लेखणीतून हे उतरावे याचे नवल वाटते. परंतु महाभारतातील विदुर आणि धर्मव्याध या शूद्र गणल्या गेलेल्यांचे ज्ञान नाकारता येत नसल्यामुळे ते पूर्वजन्मींच्या संस्काराचे फळ म्हणून आचार्यांना मान्य करावे लागते, आणि इतिहासपुराणांची वाट चारही वर्णांना मोकळी ठेवावी लागते. मकासारचे देऊळ ही त्या कादंबरीतली अशीच आडवाट आहे. (यज्ञाचा अधिकार सर्वांना आहे असे बादरी या आचार्यांचे मत मीमांसासूत्रकार जैमिनीने नोंदवले, ते खोडण्यासाठीच; पण नोंदवले, हेही थोडे नव्हे.) परीक्षा घेणारा आणि पुस्तक कुलपात ठेवणारा एकच असेल, तर निकालाने परीक्षार्थ्याची योग्यता नव्हे, परीक्षकाची हुकूमत तेवढी सिद्ध होते.

साम्राज्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ज्याने जगेच्या जगे बेचिराख झालेली पाहिली, त्याला एका अनोळखी ग्रहाचे स्वातंत्र्य ही चैन वाटली तर ते समजण्यासारखे आहे. शिवाय हे साम्राज्य आपल्या कायद्याला बांधलेले आहे, त्या ओबडधोबड यानाला ते नाही म्हणू शकत नाही, आणि इतकी सचोटी इतिहासातील साम्राज्यांनी क्वचितच दाखवली. पण हे भय अटळ नव्हे. अर्सुला ल गुइन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ या १९६९ सालच्या कादंबरीत जगांचा एक संघ गेथेन या बर्फाळ ग्रहावर एकच दूत पाठवतो, तोही निःशस्त्र. कारण एकट्या माणसाचे ऐकून घेता येते किंवा त्याला घालवून देता येते, त्याची धास्ती घ्यावी लागत नाही. त्या दूताला कारावास सोसावा लागतो, पण नकार देण्याचा अधिकार यजमानांपाशीच राहतो.

पुर्नेलच्या कथेत हा अधिकार कोणालाच नाही, आणि सर्वांत कमी मॅकिनीला आहे. तो मूळचा ऑर्लीन्स या छोट्या राज्याचा सेनानी. साम्राज्याला प्रत्येक ग्रहाशी व्यवहार करायला एकच सरकार सोयीचे पडते, म्हणून त्याच ग्रहावरील हेवन राज्याच्या डेव्हिड राजाला साम्राज्याच्या सैनिकांची मदत मिळते आणि ऑर्लीन्स बुडते. तैनाती फौजेचे करारमदार ज्यांनी आपल्या इतिहासात वाचले आहेत, त्यांना ही रीत समजावून सांगायला नको. पुढे ज्या राजाने आपले राज्य गिळले त्याच्याच ग्रहाला मान मिळावा म्हणून मॅकिनी जीव धोक्यात घालतो, आणि लेखक त्याला थोर ठरवतो. तो थोर आहेच. परंतु साम्राज्याच्या दफ्तरात प्रिन्स सॅम्युअलच्या जगाचा दर्जा चढला तरी ऑर्लीन्सचे खाते त्यात उघडलेलेच नसते, आणि या विषमतेकडे कादंबरीने द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.