मजलूमाची साक्ष

गेल्या महिन्यात एका रविवारी, असरच्या नमाजनंतर, चारकोपमधील एका म्हाडा सोसायटीत वृत्तवाहिन्या आणि समाजाचे प्रश्न या विषयावर चर्चा ठेवली होती. पंचवीस-तीस माणसे जमली. शेजारची दोन हिंदू कुटुंबेही आली. बोलणे साहजिकच २०२० च्या एप्रिलकडे वळले. निजामुद्दीन मरकजच्या बातम्यांनंतर गिऱ्हाईक आधी नाव विचारी, मग भाजी घ्यायची की नाही ते ठरवी, असे एका वयस्क भाजीविक्रेत्याने सांगितले. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच अधिक जाचले.

मग एका तरुणाने मोबाईलवरील संदेश वाचून दाखवला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी तबलीगी जमातशी संबंधित २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि माध्यमांनी त्यांच्याविरुद्ध अपप्रचार केल्याचे दोन्ही न्यायमूर्तींनी एकमुखाने म्हटले, असा त्याचा आशय होता. निकाल खरा आहे. अपप्रचाराचा उल्लेखही खरा आहे. ‘एकमुखाने’ हा शब्द मात्र खरा नाही. गुन्हे रद्द करण्याबाबत दोघांचे एकमत होते; पण न्या. टी. व्ही. नलावडे यांनी लिहिलेल्या निकालातील काही निरीक्षणांशी न्या. एम. जी. सेवलीकर यांनी असहमती दर्शवली होती.

मी हे सांगताच तो तरुण म्हणाला, “चाचा, आपल्याविरुद्ध इतके खोटे पसरवले गेले, आपल्या बाजूने एक शब्द अधिक झाला तर बिघडले काय?”

प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. वाईट गोष्ट उघडपणे बोलणे अल्लाहला पसंत नाही, मात्र ज्याच्यावर जुलूम झाला त्याला मुभा आहे, असा सूरह निसाच्या १४८ व्या आयतीचा आशय आहे. मजलूमाने गप्प बसावे, असे इस्लाम शिकवत नाही. (आपल्यातील काही बुजुर्ग सब्रचा अर्थ मौन असा लावतात, तो मला पटत नाही.) पण ही मुभा जे घडले ते सांगण्याची आहे. त्याच सूरहची १३५ वी आयत स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध जाणारी साक्षही न्यायाने देण्यास सांगते. मजलूम हाही साक्षीदारच. शिवाय सूरह हुजुरातमध्ये फासिकाने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा जो हुकूम आहे, तो बातमी आणणाऱ्याला नव्हे, ऐकणाऱ्या ईमानधारकांना आहे. वाहिन्यांचे लोक त्या सभेत नव्हते, आम्ही होतो.

त्या भाजीविक्रेत्याजवळ न्यायालयाचा कागद नाही. त्याच्याजवळ फक्त त्याचा शब्द आहे. आमच्या संदेशातील एक शब्द खोटा निघाला, की ऐकणारा त्याच्याही शब्दाकडे संशयाने पाहणार. एका शब्दाची ही किंमत आम्ही नव्हे, त्याने मोजायची.

तोच संदेश त्या वर्षी मीही पुढे पाठवला होता. दुसऱ्या न्यायमूर्तींचे मत नंतर वाचनात आले, तरी मी दुरुस्ती केली नव्हती. सभेत हे कबूल करताना जीभ जड झाली. त्या रात्री इशानंतर, ज्यांचे क्रमांक सापडले त्या सर्वांना दुरुस्ती पाठवली. दोघांनी विचारले, “आता याची काय गरज?” तरुणाचे उत्तर अद्याप आलेले नाही.